संगीतसूर्य केशवराव भोसले : आवाज आणि संस्था

प्रस्तावना

युरोपीय संगीतात पुरुषकंठाचे उच्च, मध्यम आणि खर्ज असे तीन ढोबळ वर्ग मानले जातात. त्यांपैकी उच्च वर्गातील गायकास ‘टेनर’ ही संज्ञा आहे. ऑपेरा या संगीतनाट्यप्रकारात नायकाची भूमिका बहुधा याच गायकाकडे येते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इटलीच्या एन्रिको कारूझोने या प्रकारच्या गायनाला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच दोन दशकांत मराठी संगीत रंगभूमीवर उंच पट्टीच्या, तेजस्वी आणि प्रेक्षागाराच्या शेवटच्या रांगेपर्यंत विनासायास पोहोचणाऱ्या पुरुषी आवाजाचे एक नाव सर्वतोमुखी झाले होते. ते म्हणजे ‘संगीतसूर्य’ केशवराव भोसले. कारूझोचे निधन २ ऑगस्ट १९२१ रोजी नेपल्स येथे झाले आणि केशवरावांचे ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुणे येथे. या दोन घटनांत अवघ्या दोन महिन्यांचे अंतर आहे.

मराठी संगीत नाटक म्हणजे ऑपेरा नव्हे, हे प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. ऑपेरात संवादही प्रायः गायले जातात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी संगीत नाटकात गद्य संवाद आणि पदे यांची सांगड राहिली आणि पात्रांनी आपली पदे स्वतः गायची हा दंडक रूढ झाला. तथापि दोन्ही परंपरांपुढील व्यावहारिक प्रश्न एकच होता. ध्वनिवर्धक नसताना हजारभर श्रोत्यांना गाणे ऐकू कसे जावे आणि ज्या आवाजावर सारा डोलारा उभा आहे तो आवाज गेल्यास पुढे काय, या प्रश्नाचा पहिला भाग केशवरावांनी गळ्याने सोडविला. दुसरा भाग सोडविण्यासाठी त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही संस्था उभी केली. रंगभूमीच्या इतिहासलेखनात पहिल्या भागाची चर्चा विपुल आढळते, दुसऱ्याची मात्र बेताची. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या भागाकडे आहे.

बालपण आणि ‘शारदा’

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपल्यामुळे कुटुंबाची स्थिती हलाखीची होती. वयाच्या अवघ्या चौथ्या वर्षी त्यांचा प्रवेश जनुभाऊ निमकरांच्या ‘स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी’त झाला. चार वर्षांचे मूल नाटक मंडळीत जाते, ही घटना त्या काळाच्या संदर्भात पाहिली पाहिजे. नाटक मंडळी हे एक फिरते एकत्र कुटुंब असे. मुक्काम, पंगत, तालीम, प्रवास हे सारे सामायिक असे. गरीब घरातील गोड गळ्याच्या मुलाला तेथे दोन वेळचे अन्न आणि गाण्याची तालीम मिळे. शाळा मात्र बहुधा सुटत असे. मुलाच्या गळ्यावर मंडळीचे उत्पन्न वाढे आणि त्या उत्पन्नात मुलाचा वाटा किती, हे ठरविण्याचा अधिकार मालकाचा असे.

दहा-बारा वर्षांच्या वयात केशवरावांनी गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ या नाटकातील शारदेची भूमिका केली आणि त्यांचे नाव गाजू लागले. १८९९ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक जरठ-बालाविवाहाच्या प्रथेवर बेतलेले आहे. पैशाच्या मोहाने बाप मुलीचा सौदा एका वृद्धाशी करतो आणि ती असहाय्य मुलगी आपले दुःख पदांतून मांडते. (१९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा पुढे ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला गेला. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आले. महाराष्ट्रात मात्र त्याचा उच्चार ‘शारदा कायदा’ असाच रुळला आणि देवलांच्या नाटकाशी त्याची गल्लत आजही होते. गल्लत असली तरी ती बोलकी आहे.) बाजारात मांडल्या गेलेल्या मुलीचे गाणे ज्या मुलाच्या तोंडून प्रेक्षक ऐकत होते, तो मुलगाही आपल्या गळ्याच्या जोरावर एका मंडळीचा संसार चालवीत होता. हा योगायोग त्या काळी कोणाच्या ध्यानात आला असेल असे वाटत नाही. पुढे केशवरावांनी मंडळीतून बाहेर पडून सतराव्या वर्षीच स्वतःची संस्था काढली, यामागे केवळ महत्त्वाकांक्षा होती असे मानणे मात्र अपुरे ठरेल.

आवाजाचे शास्त्र आणि रंगभूमीची गरज

बालनटाच्या जीवनातील सर्वांत मोठे संकट म्हणजे कंठ फुटणे. पौगंडावस्थेत स्वरयंत्राची वाढ होते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि मुलाचा आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. या स्थित्यंतरात अनेक गोड गळे कायमचे निकामी होत. ज्यांचे आवाज टिकत, त्यांनाही नव्याने गायला शिकावे लागे. केशवराव या संकटातून सुखरूप बाहेर पडले. त्यांच्या प्रौढ आवाजात उंची राहिली आणि तिच्या जोडीला पुरुषी कणखरपणाही आला. समकालीनांनी या आवाजासाठी ‘पहाडी’ हे विशेषण वारंवार वापरले आहे.

हे विशेषण नेमके कशाचे द्योतक आहे? हार्मोनियमच्या पट्टीवर पांढऱ्या व काळ्या स्वरांना क्रमांक देऊन गायकाचा षड्ज सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मैफलीत गाणारा पुरुष गायक सामान्यतः काळी एक, पांढरी दोन या परिसरात आपला षड्ज लावतो. नाट्यगायकाला तेवढी मोकळीक नसे. खालच्या पट्टीतील आवाज भारदस्त असला तरी मोठ्या प्रेक्षागारात तो लवकर विरतो. मंडपाला कापडी भिंती असत, पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असे आणि पिटातला प्रेक्षक बोलका असे. सोबत पायपेटी, सारंगी आणि तबला यांची साथ. या सर्वांवरून आवाज पलीकडे न्यायचा तर पट्टी चढवावी लागे. उंच पट्टीत तासन्तास गाताना गळा बसू नये यासाठी श्वासावर ताबा आणि स्वराची फेक यांची वेगळी साधना आवश्यक होती. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले आणि आवडत्या पदाला ‘वन्समोअर’ मिळाला की ते पुन्हा गाणे हा शिष्टाचार होता.

केवळ जोर लावून हे साधत नाही, हे पुढे ध्वनिशास्त्रानेही दाखवून दिले. स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात ऑपेरा गायकांच्या आवाजाचा अभ्यास केला. वाद्यवृंदाच्या ध्वनीतील सर्वाधिक ऊर्जा सुमारे ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते आणि त्यावरच्या भागात ती झपाट्याने कमी होते, असे त्यांना आढळले. प्रशिक्षित पुरुष गायक आपला कंठमार्ग अशा रीतीने घडवितो की त्याच्या आवाजात सुमारे २५०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात एक ठळक उठाव येतो. वाद्यांचा आवाज जेथे क्षीण असतो नेमका तेथेच गायकाचा आवाज उजळतो. म्हणून तो वाद्यांपेक्षा मोठा नसतानाही त्यांच्यावरून ऐकू जातो. अशा मोजणीची साधने केशवरावांच्या काळी नव्हती. आवाजाला ‘धार’ असणे, तो ‘लागणे’, ‘फेक’ असणे हे जे शब्द जुन्या रसिकांच्या तोंडी आढळतात, ते याच गुणाकडे निर्देश करीत असावेत, असे मानण्यास जागा आहे.

केशवरावांच्या गायनाला रागसंगीताची शिस्त लाभली ती पंडित रामकृष्णबुवा वझे यांच्या तालमीमुळे. सावंतवाडी परिसरातून संगीतासाठी घर सोडून थेट ग्वाल्हेर गाठणारे वझेबुवा अनवट रागांचे जाणकार आणि आक्रमक गायकीचे पुरस्कर्ते होते. ‘ललितकलादर्श’च्या नाटकांना त्यांनी चाली दिल्या. लयीशी झुंज, चपळ व दाणेदार तान आणि पदाच्या आरंभीच श्रोत्याला काबीज करणे ही त्यांच्या तालमीची वैशिष्ट्ये केशवरावांच्या प्रकृतीला अनुकूल ठरली. बालगंधर्वांच्या गायनाचा विशेष लालित्य आणि मार्दव, तर केशवरावांचा ओज आणि वेग असे वर्गीकरण सर्रास केले जाते. ते स्थूलमानाने खरे आहे, परंतु त्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला मार्दवाचीच अपेक्षा असे. केशवरावांनी स्त्रीभूमिकांवर नाव मिळवूनही पुढे पुरुषभूमिकांकडे मोहरा वळविला आणि आपल्या आवाजाला साजेशी जागा स्वतः निर्माण केली.

‘ललितकलादर्श’ची स्थापना व कार्य

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ मंडळीची स्थापना झाली. त्या वेळी केशवरावांचे वय साडेसतरा वर्षांचे होते. मराठी नाटक मंडळीची स्थापना कन्नड मुलखात व्हावी याचे आज नवल वाटेल. त्या काळी हुबळी, धारवाड, बेळगाव हा प्रदेश मुंबई इलाख्यात होता, तेथे मराठी नाटकाला जाणता प्रेक्षक होता आणि मुख्य म्हणजे रेल्वे होती. नाटक मंडळीचे अर्थकारण मोठ्या प्रमाणावर रेल्वेवर अवलंबून असे. पन्नास-साठ माणसे, पडदे, पेटारे, पोशाख आणि स्वयंपाकाची भांडी असा संसार एका गावाहून दुसऱ्या गावी हलवायचा तर रेल्वेमार्गावरील शहरे सोयीची पडत. पुणे, मुंबई, सोलापूर, बडोदे, इंदूर अशी नावे नाटक मंडळ्यांच्या हकिकतींत पुन्हा पुन्हा येतात, त्याचे एक कारण हे होय.

या संदर्भात तत्कालीन कुलाबा जिल्ह्याची (१९८१ पासून रायगड) स्थिती वेगळी होती. पेण, रोहा, अलिबाग, महाड या गावांचा मुंबईशी संबंध मुख्यतः खाडीमार्गे होता. धरमतरपर्यंत बोटीने आणि तेथून पुढे खुष्कीने प्रवास होई. पेण-रोहा भागात रेल्वे पोहोचायला १९८० चे दशक उजाडावे लागले. पडद्यांच्या गठड्या होडीत चढवून, भरती-ओहोटी पाहून मोठ्या मंडळीने येथवर येणे आतबट्ट्याचेच होते. या भागात संगीत नाटक रुजले ते अधिककरून गणेशोत्सव व ग्रामदेवतेच्या उत्सवांतील हौशी प्रयोगांतून, पदांच्या छापील पुस्तकांतून आणि पुढे ध्वनिमुद्रिकांतून. मुंबईस नोकरी करणारा चाकरमानी गिरगावात नाटक पाही आणि उत्सवाला गावी आल्यावर त्यातील पदे म्हणून दाखवी. कोकणातील नाट्यवेडाचा इतिहास लिहिताना या अप्रत्यक्ष वहनाचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

‘ललितकलादर्श’ने आरंभी ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’ यांसारखी सर्वपरिचित नाटके केली. नव्या मंडळीला ते अपरिहार्यच होते. कारण ही पदे प्रेक्षकांना पाठ असत आणि नव्या गायकाची तुलना ते लगेच करू शकत. केशवरावांचे वेगळेपण त्यानंतर दिसू लागते. १९१२ मध्ये त्यांनी हिराबाई पेडणेकर यांचे ‘संगीत दामिनी’ हे नाटक रंगभूमीवर आणले. हिराबाई या कलावंत घराण्यातील, संगीत व साहित्य या दोहोंत गती असलेल्या लेखिका होत्या. स्त्रीच्या भूमिका पुरुष करीत असलेल्या आणि कलावंत स्त्रीकडे संशयाने पाहणाऱ्या त्या काळात, एका स्त्रीने लिहिलेले संगीत नाटक व्यावसायिक मंडळीने करणे ही साधी गोष्ट नव्हती. नाटकाच्या गुणावगुणांविषयी मतभेद संभवतात, परंतु निर्णयाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

त्यानंतर वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आले. या नाटकात केशवरावांनी मृणालिनीची भूमिका केली. चिपळूणला जन्मलेले आणि टपाल खात्यात नोकरी करणारे भार्गवराम विठ्ठल उर्फ मामा वरेरकर यांच्या नाटकांना मंडळीने दिलेला आश्रय तर मराठी नाटकाच्या दृष्टीने अधिकच दूरगामी ठरला. ‘हाच मुलाचा बाप’ या नाटकात वरेरकरांनी हुंड्याचा प्रश्न घेतला, तर ‘संन्याशाचा संसार’ या नाटकात धर्मांतर व शुद्धीचा. पुराणकथा आणि ऐतिहासिक कथानके हेच संगीत नाटकाचे हक्काचे क्षेत्र समजले जात होते. अशा वेळी समकालीन मध्यमवर्गीय घरातील पात्रे रंगभूमीवर येऊन गाऊ लागली, हा बदल लहान नव्हता. हुंडा मागणारा बाप आणि मधूनच येणारी आलापी यांचा मेळ कसा बसावा, हा प्रश्न वरेरकरांच्या नाटकांत पुरता सुटलेला नाही. अशा नाटकावर भांडवल घालण्याचे धाडस मात्र मालकाचे होते, आणि मालक स्वतः गायक होता. केवळ पदांवर लोकप्रिय राहू शकणाऱ्या नटाने आशयाचा धोका पत्करावा, हे विशेष होय.

रंगमंचाच्या दृश्य अंगाकडेही केशवरावांचे बारकाईने लक्ष होते. मखमली दर्शनी पडद्याचा वापर मराठी रंगभूमीवर आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी मंडळीचे पडदे रंगविले. पुढे याच बाबूरावांनी ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ काढून मराठी चित्रपटाचा पाया घातला. म्हणजे ज्या चित्रपटाने नंतर संगीत नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला, त्याच्या एका आद्य शिल्पकाराचा हात नाटकाच्या पडद्यांवर बसला होता.

कोल्हापूर आणि राजाश्रय

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबागेचे मैदान आणि त्याला लागूनच ‘पॅलेस थिएटर’ उभारले. हे नाट्यगृह १९१५ मध्ये सुरू झाले. कुस्ती आणि नाटक यांना महाराजांनी शेजारी नांदविले, यामागे कलेविषयीची त्यांची व्यापक भूमिका दिसते. किर्लोस्कर परंपरेतील मंडळ्यांचे नेतृत्व प्राधान्याने ब्राह्मण वर्गाकडे होते. अशा क्षेत्रात एका गरीब मराठा कुटुंबातील मुलाने स्वतःच्या गुणांवर अग्रस्थान मिळविले, याचे सामाजिक महत्त्व महाराजांसारख्या द्रष्ट्या राज्यकर्त्याच्या लक्षात न येते तरच नवल.

खासबागेच्या मैदानात ‘मृच्छकटिक’चा खुला प्रयोग झाला, तो केशवरावांच्या आवाजाची कसोटी पाहणारा होता. प्रेक्षकांचे सांगितले जाणारे आकडे काही हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत जातात. ध्वनिवर्धक नसताना, छप्पर नसलेल्या उघड्या मैदानात गाणे म्हणजे आवाज परत आणून देणारी भिंतच नसणे. बंद नाट्यगृहात गायकाला स्वतःचा आवाज परावर्तित होऊन ऐकू येतो आणि त्यावरून तो आपला जोर सावरतो. मोकळ्यावर हा आधार नसतो आणि नवखा गायक अनाठायी जोर लावून गळा बसवून घेतो. खासबाग मात्र सपाट माळ नव्हे. कुस्ती सर्वांना दिसावी म्हणून मैदान मध्यभागी खोलगट आणि कडेने चढत गेलेले आहे. ही रचना आवाज वर नेण्यासही उपकारक ठरली असणार.

‘संयुक्त मानापमान’

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरमध्ये ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. निमित्त होते टिळक स्वराज्य फंडाचे. लोकमान्यांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले होते आणि त्यांच्या स्मरणार्थ महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने एक कोटी रुपयांचा निधी उभारण्याचा संकल्प केला होता. त्यासाठी ‘गंधर्व’ आणि ‘ललितकलादर्श’ या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले होते आणि गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी ते घरोघर पोहोचले होते. धनवान बापाची मुलगी भामिनी आणि निर्धन पण शूर सेनापती धैर्यधर यांच्या मानापमानाची ही कथा. संयुक्त प्रयोगात नाटकाबाहेरचा मानापमानही रंगमंचावर होताच. दोन मालक, दोन साथसंगती, दोन पट्ट्या आणि प्रेक्षागारात दोन तट. तिकिटांचे दर शंभर रुपयांपर्यंत गेले आणि एका रात्रीचे उत्पन्न त्या काळच्या मानाने थक्क करणारे ठरले. सोन्याचा भाव तेव्हा तोळ्याला सत्तावीस-अठ्ठावीस रुपयांच्या घरात होता हे ध्यानी घेतले, तर शंभराच्या तिकिटाचा अर्थ स्पष्ट होतो.

त्या रात्री कोण सरस ठरले, या प्रश्नावर पुढे पन्नास वर्षे वाद घातले गेले. रसिकांना ते शोभून दिसले असेल, परंतु अभ्यासकांनीही तोच प्रश्न उचलून धरावा हे उचित वाटत नाही. त्यामुळे केशवरावांचे चरित्र एका रात्रीपुरते आखडले आणि बालगंधर्वांचे प्रतिस्पर्धी एवढीच त्यांची ओळख उरली. त्या प्रयोगाचे खरे महत्त्व निराळे आहे. व्यवसायातील स्पर्धा बाजूला ठेवून दोन मंडळ्या राष्ट्रीय कार्यासाठी एका रंगमंचावर उभ्या राहिल्या. शिवाय दोन श्रेष्ठ नट एकत्र आणले की प्रेक्षक कितीही दर मोजतो, हे गणित व्यवसायाला कळले. पुढे महाराष्ट्रात संगीत नाटकांचे संयुक्त प्रयोग वारंवार झाले, त्यांचे मूळ येथे आहे.

अकाली निधन

या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, पुण्यात विषमज्वराने केशवरावांचा अंत झाला. त्यांना केवळ एकतीस वर्षांचे आयुष्य लाभले. विषमज्वर हा दूषित पाणी व अन्नातून पसरणारा रोग. दरमहा गाव बदलणाऱ्या, नव्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या आणि सामायिक पंगतीत जेवणाऱ्या नाटक मंडळीला त्याचा धोका इतरांपेक्षा अधिक होता. या रोगावर परिणामकारक ठरलेले क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध १९४८ नंतर वापरात आले. तोपर्यंत शुश्रूषा आणि नशीब यांवरच रोग्याची भिस्त असे.

येथे कारूझोशी असलेल्या साम्यात एक महत्त्वाचा भेद संभवतो. कारूझोने एप्रिल १९०२ मध्ये मिलान येथील एका हॉटेलच्या खोलीत दहा गीते ध्वनिमुद्रित केली. त्यानंतर सुमारे वीस वर्षांत त्याच्या अडीचशेच्या आसपास ध्वनिमुद्रिका झाल्या. त्याचा उंच, लख्ख पुरुषी आवाज त्या काळच्या कर्ण्याच्या यंत्राला मानवणारा होता आणि त्याच्यामुळे यंत्राची व यंत्रामुळे त्याची कीर्ती वाढली. भारतातही १९०२ पासून ध्वनिमुद्रण सुरू झाले होते. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचे आवाज पुढील पिढ्यांनी ध्वनिमुद्रिकांवर मनसोक्त ऐकले. केशवरावांच्या बाबतीत मात्र अभ्यासकाला मुख्यतः समकालीनांच्या आठवणी आणि वर्णने यांचाच आधार घ्यावा लागतो. आठवणी प्रेमाने लिहिलेल्या असतात. त्यांत पट्टी, लय आणि श्वास यांची नोंद क्वचितच सापडते.

आवाजानंतरची संस्था

मालक-नटाच्या मृत्यूनंतर मंडळी फुटणे हा त्या काळचा जणू नियम होता. ‘ललितकलादर्श’ मात्र टिकून राहिली. मंडळीची धुरा व्यंकटेश बळवंत उर्फ बापूराव पेंढारकर यांनी उचलली आणि १९२२ मध्येच वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले. त्यानंतर ‘तुरुंगाच्या दारात’ आणि १९३२ मधील ‘सोन्याचा कळस’ ही नाटके आली. असहकार, अस्पृश्यता, गिरणी कामगार असे विषय या नाटकांतून मांडले गेले. चित्रकार पु. श्री. काळे यांच्या नेपथ्याने वास्तवदर्शी दृश्ये उभी राहिली. केशवरावांनी जे नाटककार जोडले आणि रंगमंचाच्या अंगांविषयी जी शिस्त लावली, त्याच भांडवलावर हे घडले. ‘गंधर्व नाटक मंडळी’चे उदाहरण यासोबत ठेवून पाहावे. तेथे आवाज दीर्घकाळ टिकला, गुणीजनांची साथ लाभली, वैभवही अमाप होते. पण कर्ज लाखांवर गेले आणि १९३५ मध्ये बालगंधर्वांना ‘धर्मात्मा’ चित्रपटासाठी ‘प्रभात’ची वाट धरावी लागली. दोन कलावंतांच्या श्रेष्ठतेची तुलना येथे अभिप्रेत नाही. एका मंडळीचा आधार एका व्यक्तीचा गळा होता, तर दुसरीने त्याखेरीज अन्य आधारही जोडले होते, एवढेच यातून दिसते.

या संस्थेलाही पडता काळ चुकला नाही. बोलपटांच्या आगमनानंतर संगीत नाटकाचा प्रेक्षक ओसरला, १९३७ मध्ये बापूरावांचे निधन झाले आणि काही काळ कामकाज थांबले.

कोल्हापूरच्या ‘पॅलेस थिएटर’ला स्वातंत्र्योत्तर काळात ‘संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह’ असे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ही शतकाहून जुनी वास्तू आगीत जळाली. त्यानंतर तिच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. रायगड जिल्ह्यातील रसिकांना ही वार्ता ऐकताना जून २०२२ मध्ये अलिबागच्या पी. एन. पी. नाट्यगृहाला लागलेल्या आगीची आठवण झाल्यावाचून राहिली नसेल. लाकूड, कापड आणि विजेची उपकरणे एकत्र नांदणाऱ्या या वास्तूंच्या अग्निसुरक्षेचा प्रश्न नाट्यव्यवसायाइतकाच जुना आहे.

केशवरावांच्या मृत्यूनंतर सात आठवड्यांनी, नोव्हेंबर १९२१ मध्ये, बापूराव पेंढारकरांच्या घरी भालचंद्र यांचा जन्म झाला. ज्या वझेबुवांनी केशवरावांना तालीम दिली, त्यांच्याकडेच भालचंद्रही गाणे शिकले. १९४० च्या दशकात त्यांनी ‘ललितकलादर्श’ पुन्हा उभी केली. ‘दुरितांचे तिमिर जावो’ आणि ‘पंडितराज जगन्नाथ’ ही नाटके त्यांच्या कारकिर्दीत गाजली आणि २००८ मध्ये संस्थेला शंभर वर्षे पूर्ण झाली. २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते या कामात होते. स्वतःच्या आणि इतरांच्याही नाटकांचे ध्वनिमुद्रण करून ते जतन करण्याचा त्यांना ध्यास होता. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यगृहात वर्षानुवर्षे खपून त्यांनी असंख्य प्रयोग ध्वनिफितींवर उतरवून घेतले.